ओमान एका आठवड्यात बसतो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आखाती देशांच्या सहलींविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बहुतेक पत्रे ओमानविषयी आहेत. त्यांपैकी अनेक पत्रांत एकच समजूत दिसते : देश लहान आहे, तेव्हा एका फेरीत तो सगळा पाहून होईल. ही समजूत खर्चिक ठरते आणि प्रवासाचा आनंदही घालवते, म्हणून पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही बँकेतून निवृत्त झालो असून नौपाड्यात राहतो. दिवाळीनंतर मुलगी आणि जावई यांच्यासह ओमानला जाण्याचा विचार आहे. एका सहल कंपनीने सात दिवसांचा जो कार्यक्रम दिला आहे, त्यात मस्कत, निझवा, वाळवंटातील तंबू, सूर, सलाला आणि मुसंदम एवढी ठिकाणे आहेत. माझे गुडघे दुखतात. हा कार्यक्रम आम्हाला झेपेल का?

उत्तर : हा कार्यक्रम स्वीकारू नका, असे मी स्पष्टपणे सुचवतो, आणि त्याचे कारण गुडघे हे नाही. ओमानचे क्षेत्रफळ सुमारे ३,०९,५०० चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचे ३,०७,७१३. नकाशावर सौदी अरेबियाच्या कडेला चिमुकला दिसणारा हा देश प्रत्यक्षात आपल्या राज्याहून किंचित मोठाच आहे. कोणी पाहुणा सात दिवसांत मुंबई, महाबळेश्वर, वेरूळ, ताडोबा आणि मालवण पाहतो म्हणाला, तर त्याला आपण जे सांगू तेच तुम्ही त्या कंपनीला सांगा. नागपूरहून ठाणे जिल्ह्यात येणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. मस्कतहून सलाला सुमारे हजार किलोमीटर दूर आहे, आणि मधला बराचसा रस्ता सपाट, ओसाड माळातून जातो. मुसंदमची अडचण वेगळी आहे. हा भाग होर्मुझच्या सामुद्रधुनीवर असून उरलेल्या ओमानपासून तुटलेला आहे, कारण मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा प्रदेश येतो. रस्त्याने जायचे तर परदेशी हद्द ओलांडून पुन्हा ओमानमध्ये शिरावे लागते. मुसंदममधील खसबची खाडी, समुद्रातून सरळ उभे राहिलेले कडे आणि होडीच्या पुढे उड्या मारणारे डॉल्फिन हे सारे पाहण्यासारखेच आहे, पण ते पुढेमागे दुबईला जाल तेव्हासाठी राखून ठेवा. सलाला विमानाने जोडता येते, परंतु दिवाळीनंतर ते का टाळावे, हे पुढच्या उत्तरात वाचा.

उरला तो उत्तर ओमान. मस्कत, निझवा, वाळवंट आणि सूर असा गोल प्रवास आठ रात्रींत निवांत होतो. तो आखताना मी एका वाराभोवती सगळे बांधतो, आणि तो वार म्हणजे शुक्रवार. ओमानमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी असते. मस्कतची सुलतान काबूस मोठी मशीद मुस्लिमेतरांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ या वेळात पाहता येते आणि शुक्रवारी पाहता येत नाही. उलट निझवाचा गुरांचा बाजार फक्त शुक्रवारी सकाळीच भरतो. म्हणून मंगळवारी मस्कतला उतरावे. बुधवारी सकाळी मशीद पाहावी आणि संध्याकाळी मत्रा बंदराच्या कडेने फिरून तिथल्या जुन्या बाजारात जावे. गुरुवारी निझवा गाठून तिथे मुक्काम करावा, म्हणजे शुक्रवारी पहाटे तुम्ही जागेवरच असता. त्या दुपारी जवळच्या जाब्रीनचा वाडा आणि बहलाचा मातीचा किल्ला पाहून होतो; बहलाचा किल्ला १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. शनिवार जबल अख्दर या डोंगरासाठी, रविवारची रात्र शर्किया वाळवंटातील तंबूत, सोमवारी वादी बनी खालिद ही डोहांची दरी पाहून सूर, आणि मंगळवारी समुद्राच्या कडेने परत मस्कत. परतीचे विमान बुधवारचे घ्यावे.

निझवाच्या बाजाराला सात वाजेपर्यंत पोहोचा, कारण नऊनंतर फारसे काही उरत नाही. मध्ये छप्पर असलेला एक गोल ओटा आहे आणि त्याभोवती चालण्यापुरती वाट आहे. विकणारे लोक बकऱ्या आणि मेंढ्या दोरीने ओढत त्या वाटेने फेऱ्या मारतात आणि मोठ्याने भाव सांगत राहतात. घेणारे दोन्ही बाजूंना बसलेले असतात. एखादा हात वर करून फेरी थांबवतो, बकरीचे तोंड उघडून दात पाहतो, पाठीवरून अंगठा दाबत नेतो आणि काही न बोलता पुन्हा बसतो. चाकणचा किंवा आळेफाट्याचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातले सगळे समजेल, भाषा येत नसली तरी. घेणाऱ्यांत खेड्यांतून आलेल्या बायकाही असतात आणि त्या घासाघीस करण्यात मागे नसतात. त्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नयेत.

निझवातच फलज पाहायला विसरू नका. डोंगराच्या पोटातील पाणी उताराने, कोणत्याही पंपाशिवाय, कधी जमिनीखालून आणि कधी उघड्या पाटातून गावात आणणारी ही व्यवस्था आहे. अशा पाच फलजांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि निझवाचा फलज दारिस त्यांपैकी एक आहे. पाण्याच्या पाळ्या दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजल्या जात. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पाणी वाटून घेणाऱ्या दोन गावांत समुद्राचे अंतर असूनही किती साम्य असते, हे तिथे उभे राहिल्यावर जाणवेल.

आता गुडघ्यांविषयी. ओमानमध्ये ‘वादी’ म्हणजे डोंगरांमधली नदीची दरी. ती बहुतेक वेळा कोरडी असते आणि काही ठिकाणी बारमाही डोह असतात. कार्यक्रमात सहसा वादी शाब असते. तिथे आधी लहान होडीने पलीकडे जावे लागते आणि नंतर दगडगोट्यांतून पाऊण तास चालावे लागते. तुम्ही त्याऐवजी वादी बनी खालिद घ्यावी. तिथे पाटाच्या कडेने बांधीव वाट थेट डोहापर्यंत जाते आणि सावलीत बसायलाही जागा आहे. मुलगी आणि जावई यांना वादी शाब करायची असेल तर मंगळवारी परतीच्या वाटेवर ती लागते. तेवढा वेळ तुम्ही बिम्मा येथील विवरापाशी निळसर हिरवे पाणी पाहत थांबू शकता.

प्रश्न : मी ऐरोलीत शिक्षिका आहे. मला सुट्टी मिळते ती मे महिन्यात किंवा गणपतीत. आमचे शेजारी डिसेंबरात सलालाला गेले होते. माहितीपत्रकात हिरवेगार डोंगर आणि धबधबे छापलेले होते आणि प्रत्यक्षात त्यांना तपकिरी डोंगर दिसले. कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा ‘यंदा पाऊस कमी झाला’ असे उत्तर मिळाले. ओमानला नेमके जावे तरी केव्हा?

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांना मिळालेले उत्तर खरे नव्हते. सलालामध्ये डिसेंबरात डोंगर कधीच हिरवे नसतात. जे मोसमी वारे आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आणतात, तेच वारे ओमानच्या दक्षिणेकडील धोफार प्रांताच्या डोंगरांना घासून जातात आणि तिथे धुके आणि बारीक पाऊस आणतात. या ऋतूला ‘खरीफ’ म्हणतात आणि तो साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर एवढाच असतो. आपल्याकडे पिकाला आहे तोच हा शब्द. अरबीत त्याचा मूळ अर्थ शरद ऋतू असा आहे. अंगावर धो धो कोसळणारा आपला पाऊस तिथे नाही. दिवसभर भुरभुर, ढगात बुडालेला घाट आणि रस्त्यावर बसलेले उंट असे ते दृश्य असते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हिरवळ सर्वांत चांगली असते. गणपती लवकर आले तर तुमची सुट्टी सलालासाठी अगदी योग्य आहे. मात्र आखातातले सारे लोक उकाड्यातून सुटण्यासाठी तेव्हाच तिथे येतात, म्हणून हॉटेल तीन महिने आधी ठरवावे.

त्या दिवसांत समुद्रापासून दूर राहा, ही गोष्ट मी आवर्जून सांगतो. सलालाजवळच्या मुघसैल किनाऱ्यावर खडकांच्या भोकांतून लाटांचे पाणी कारंज्यासारखे उसळते आणि ते पाहण्यासाठी लोक कठड्यापलीकडे जातात. जुलै २०२२ मध्ये तिथे एका लाटेने पर्यटकांना ओढून नेले आणि त्यांत लहान मुलेही होती. अरबी समुद्र पावसाळ्यात कसा असतो, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तोच समुद्र तिथेही आहे.

मे महिन्याविषयी मात्र मी तुम्हाला नकार देईन. उत्तर ओमानमध्ये तेव्हा पारा चाळिशीच्या वर जातो आणि रात्रही सुटका करत नाही. मस्कतच्या दक्षिणेकडील कुरियात या किनारी गावात जून २०१८ मध्ये चोवीस तासांतील किमान तापमान ४२.६ अंश नोंदले गेले. म्हणजे पहाटेच्या सर्वांत गार घटकेलाही एवढे होते. मुलांना घेऊन अशा हवेत किल्ले आणि वाळवंट पाहणे शक्य नाही. उत्तर भागासाठी नोव्हेंबर ते मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. डोंगरावरचे गुलाब पाहायचे असतील तर एप्रिल गाठावा. जबल अख्दरवरील सैक पठार सुमारे दोन हजार मीटर उंच आहे. तिथल्या गावांत पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गुलाब फुलतो, पाकळ्या पहाटे तोडल्या जातात आणि घरोघरी गुलाबपाणी गाळले जाते.

डिसेंबरात सलालाला जाऊच नये असे नाही. खोर रोरी या खाडीच्या काठावरचे प्राचीन बंदर, मोकळे पांढरे किनारे आणि रस्त्याकडेला शहाळी, केळी, पपई विकणाऱ्या टपऱ्या तेव्हाही असतात. पण ते जे आहे तेच सांगून विकले पाहिजे. आपल्या शेजाऱ्यांना सांगा, की पुढच्या वेळी माहितीपत्रकातील प्रत्येक छायाचित्र कोणत्या महिन्यातले आहे, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

प्रश्न : व्हिसा आणि पैसे यांविषयी थोडक्यात सांगावे. आम्ही वाशीहून चार जण जाणार आहोत.

उत्तर : भारतीय प्रवाशांसाठी व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर घरबसल्या काढता येतो. दहा दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे पर्यटनाचे दोन नेहमीचे प्रकार आहेत. पारपत्राची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने उरलेली असावी. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान किंवा शेंगेन गटातील देशाचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेशाची सवलत आहे. शुल्क आणि सवलती बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्याच संकेतस्थळावर एकदा खात्री करा. नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाल्यापासून आणखी एक काळजी घ्यावी लागते : तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव छापले आहे, ते गाडी ठरवण्याआधी वाचावे. मुंबई ते मस्कत हे अंतर सुमारे पावणेतीन तासांचे आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते.

ओमानी रियाल अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. एक रियाल म्हणजे सुमारे २.६ डॉलर, म्हणजेच दोनशे रुपयांहून बराच अधिक. एका रियालचे शंभर नव्हे, तर हजार बैसा होतात. त्यामुळे पाटीवर १.५०० लिहिले असेल तर ते दीड रियाल असतात, दीड हजार नव्हे. पहिल्या दिवशी अनेक जण इथे गोंधळतात. ‘बैसा’ हा आपलाच पैसा आहे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी रुपयाच्या खास नोटा छापल्या होत्या आणि ओमानमध्ये तो रुपया १९७० पर्यंत चालत होता.

प्रश्न : मी खारघरचा आहे आणि मित्रांसोबत स्वतः गाडी चालवत ओमान पाहू इच्छितो. परवाना, रस्ते आणि वाळवंट यांबाबत मार्गदर्शन करावे.

उत्तर : ओमान स्वतः गाडी चालवण्यासाठी फार चांगला देश आहे. १९७० मध्ये जिथे सगळ्या देशात मिळून जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता, तिथे आज डोंगराच्या माथ्यापर्यंत गुळगुळीत रस्ते आहेत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तुमच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून काढा. त्याची मुदत एक वर्षाची असते, म्हणून प्रवासाच्या फार आधी काढू नका, आणि मूळ भारतीय परवाना सोबत असल्याशिवाय तो उपयोगाचा नाही.

तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. हे सगळ्यांना माहीत असते, तरीही चूक होतेच. माझी झाली ती विमानतळाबाहेरच्या पहिल्याच चौकात. सरळ रस्त्यावर समोरच्या गाडीमागे जाणे सोपे असते. पण मोकळ्या रस्त्यावर, वळण घेतल्यावर, सवयीचा हात आपल्याला डावीकडे नेतो. मी दोन सेकंदांत सावरलो, पण समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे अजून आठवतात. म्हणून पहिले दोन दिवस शेजारी बसलेल्या मित्राने प्रत्येक वळणावर मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणावे, असा नियम करा. गाडी गिअर न बदलावी लागणारी घ्या. गोल चौकात आधीपासून आत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला असतो. महामार्गावर वेगमर्यादा सहसा ताशी १२० किलोमीटर असते आणि वेग टिपणारे कॅमेरे जागोजागी आहेत. दंडाची रक्कम गाडी भाड्याने देणारा नंतर तुमच्या कार्डावरून वसूल करतो. रात्री शहराबाहेर गाडी चालवणे टाळा, कारण उंट दिव्यांना घाबरून बाजूला होत नाहीत.

जबल अख्दरला चढताना पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी नसेल तर तिथून परत पाठवतात. उतार लांब आणि तीव्र आहे आणि ब्रेक तापून झालेल्या अपघातांमुळे हा नियम आला आहे, तेव्हा त्याबद्दल हुज्जत घालू नये. वाळवंटाचे म्हणाल तर बिदिया गावापर्यंत तुमची गाडी न्या आणि तिथून तंबूपर्यंत मुक्कामाच्या मालकाने पाठवलेल्या चालकाबरोबर जा. वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतील हवा निम्म्यावर आणावी लागते, म्हणजे चाक पसरट होऊन वाळूवर तरंगते. चढावर थांबायचे नाही आणि रुतल्यावर जोराने ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, हे सांगून कळते, पण हाताला कळायला वेळ लागतो. स्थानिक चालकाचे पैसे वाचवण्यासारखे नाहीत.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे, हे वाळवंटी देशाबाबत विचित्र वाटेल. डोंगरावर तीस-चाळीस किलोमीटर दूर पाऊस पडला, तर तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही कोरडी वादी काही मिनिटांत भरून येते. माती नाही, झाडे नाहीत, खडक उघडा. पाणी मुरत नाही आणि सगळे एकदम खाली येते. रस्ते जिथे वादीत उतरतात, तिथे कडेला लाल-पांढरे पट्टे रंगवलेले खांब असतात. पाणी लाल पट्ट्याला लागले की थांबायचे. वाहत्या वादीत गाडी घालणे हा तिथे दंडनीय गुन्हाही आहे. एप्रिल २०२४ मध्ये अशाच पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे बळी गेले, आणि त्यांतील बहुतेक माणसे त्याच भूमीत वाढलेली होती. वादीच्या पात्रात तंबू लावू नका, जागा कितीही सपाट आणि सावलीची असली तरी. तातडीच्या मदतीसाठी ९९९९ हा क्रमांक आहे.

प्रश्न : सोबत माझ्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. त्या शाकाहारी आहेत आणि रक्तदाबाची औषधे घेतात. खाण्याचे हाल होतील का? घरून काय न्यावे? (पनवेल)

उत्तर : मस्कतमध्ये हाल होणार नाहीत. रुवी भागात डोसा, थाळी, पोळी-भाजी सहज मिळते आणि दुकानदारांशी हिंदीत बोलता येते. निझवा आणि सूर येथेही भारतीय खानावळी आहेत. अडचण येते ती वाळवंटातील तंबूत, जिथे जेवण एकदाच आणि सगळ्यांना सारखे असते. तिथे ‘शाकाहारी’ एवढे सांगून पुरत नाही. मांस, मासे आणि त्यांचा रस्सा यांपैकी काहीही नको, असे दोन दिवस आधी लिहून कळवा. खबूस ही तिथली रोटी, मसूर, वांगे, काकडी-दही आणि खजूर एवढ्यावर एक रात्र चांगली जाते. कडू कहवा, म्हणजे अरबी कॉफी, लहान वाटीतून देतात. पुरे झाला की वाटी हलकेच हलवून परत करायची, नाहीतर यजमान पुन्हा भरतो. सासूबाईंना तिथला हलवा नक्की आवडेल. तूप, साखर, केशर, वेलची आणि गुलाबपाणी घातलेला तो ऊन ऊन खातात.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत ठेवा. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांना अडचण नसते. पण कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल आणि झोपेच्या गोळ्या यांवर आखातात कडक नियंत्रण आहे. गरज नसेल तर ती नेऊच नयेत. आणि फराळाच्या डब्याकडे नीट पाहा. खसखशीवर अमिरातीत आणि सौदी अरेबियात बंदी आहे आणि तिथे ती अमली पदार्थांच्या नियमाखाली येते, म्हणून आखातात कुठेही जाताना ती सोबत असू नये. आपल्या घरांत ती अनारशावर असते, डिंकाच्या लाडवात असते आणि काहींच्या गोड्या मसाल्यातही असते. दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी हे डबे घरीच ठेवावेत. चिवडा आणि शंकरपाळे न्यावेत. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, तेव्हा त्यासाठीचा ॲडॉप्टर इथूनच घ्या.

जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेवाचे मंदिर आहे. कच्छहून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी ते उभारले आहे आणि तिथे नित्य पूजा होते. सासूबाईंना एका सकाळी तिथे घेऊन जा.

प्रश्न : मी ठाण्यातील इतिहासाचा वाचक आहे. आपल्या भागाचा ओमानशी काही जुना संबंध आहे का? असल्यास तिथे काय पाहावे?

उत्तर : या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण आपण ज्या समुद्रावरून विमानाने पावणेतीन तासांत जातो, तो दोन्हीकडच्या माणसांनी शेकडो वर्षे शिडांच्या जोरावर ओलांडला आहे. इसवी सन ६३६ च्या सुमारास बहरीन आणि ओमानच्या अरब सुभेदाराने थेट ठाण्यावर आरमार पाठवले होते, अशी नोंद नवव्या शतकातील इतिहासकार बलाधुरी याने केली आहे. खलिफा उमर यांना न विचारता केलेली ही समुद्रावरची मोहीम त्यांना मुळीच रुचली नाही आणि त्यांनी सुभेदाराला कडक शब्दांत सुनावले. भारताच्या किनाऱ्यावरील अरबांच्या स्वाऱ्यांपैकी ही पहिल्या काही नोंदींतली एक आहे, आणि तीत नाव आहे ते आपल्या ठाण्याचे.

नंतरचा दुवा पोर्तुगीजांचा. त्यांनी १५०७ मध्ये मस्कत घेतले आणि बंदराच्या दोन्ही टोकांना जलाली व मीरानी हे किल्ले बांधले. वसई आणि मस्कत तेव्हा एकाच सत्तेची दोन ठाणी होती. ओमानींनी १६५० मध्ये त्यांना हाकलले आणि तेवढ्यावर न थांबता त्यांचा समुद्रावर पाठलाग केला; १६७४ मध्ये मस्कतचे अरब वसईला उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्च लुटली. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली ती १७३९ मध्ये. राजवाड्यासमोर उभे राहून मीरानीचे बुरूज पाहताना वसईच्या किल्ल्याचा दर्यादरवाजा डोळ्यांसमोर येतो. घोडबंदरच्या नावामागेही अरबी घोड्यांचा व्यापार होता असे मानले जाते. आपण रोज ज्या रस्त्यावर वाहतूक कोंडीत अडकतो, त्याच्या नावात तो समुद्र आहे.

तुम्ही सूरला जरूर जा. लाकडी गलबते बांधणारा कारखाना तिथे अजून चालू आहे. पूर्वी साग मलबारातून येत असे. आधी आराखडा काढून नव्हे, तर डोळ्याच्या अंदाजाने फळ्या वाकवून कवच उभे करणारे कारागीर तिथे होते, आणि अनेक हत्यारांवर भारतीय सुतारांची छाप दिसते. जवळच रास अल जिंझ येथे हिरवी समुद्री कासवे अंडी घालायला येतात. ती वर्षभर येतात, पण उन्हाळ्यात सर्वांत जास्त. रात्री वाटाड्याबरोबरच जाता येते, आणि बॅटरी किंवा फ्लॅश चालत नाही. वेळासला कासव महोत्सवाला जाऊन आलेल्यांना हा संयम परिचयाचा आहे.

प्रश्न : आम्ही तीन मैत्रिणी आहोत, घोडबंदर रोड, ठाणे. पोशाखाचे नियम काय आहेत? रमजानमध्ये गेलो तर चालेल का?

उत्तर : तीन स्त्रियांनी मिळून ओमानमध्ये फिरायला काही हरकत नाही, लोक सभ्य आणि मदतीला तत्पर आहेत. रस्त्यावर सलवार-कमीज किंवा सैल पँट आणि कोपर झाकणारा सदरा पुरतो. मोठ्या मशिदीत मात्र डोके, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले असावे लागतात. ओढणी सुती घ्या, रेशमी घसरते. आत प्रार्थनेच्या दालनात ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असा अखंड गालिचा आहे. सहाशे स्त्रियांनी चार वर्षे विणलेल्या या गालिच्यात १७० कोटी गाठी आहेत आणि त्याचे वजन २१ टन आहे. पाहुण्यांसाठी आखलेल्या पट्टीवरून चालताना खाली वाकून नक्षीची कडा नीट पाहा. मशिदीसाठी लागलेला वालुकाश्म भारतातून गेला होता.

रमजान टाळावा, असे मी सुचवेन. दिवसा उघड्यावर खाणे-पिणे, अगदी पाणीही, कायद्याने मना असते आणि बहुतेक खानावळी संध्याकाळीच उघडतात. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल आणि पुढे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत जाईल. नेमका दिवस चंद्रदर्शनावर ठरतो.

प्रश्न : ओमानचा लोबान प्रसिद्ध आहे असे ऐकले. तो खरा कसा ओळखावा आणि कुठे घ्यावा? (कळवा)

उत्तर : लोबानाचे झाड धोफारच्या डोंगरांमागे, जिथे पाऊस पोहोचत नाही पण धुक्याचा गारवा पोहोचतो, अशा पट्ट्यात वाढते. आपल्या सातपुड्यातील साळईच्या झाडाचा तो भाऊबंद आहे. खोडाची साल पात्याने थोडी खरवडतात, तिथून दुधासारखा चीक येतो, आणि साधारण दोन आठवड्यांत त्याचे खडे होतात. पहिल्या खरवडीचे खडे टाकून देतात. नंतरच्या खेपेचे चांगले. लोबानाच्या या प्रदेशाला युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

घ्यायचा असेल तर सलालाच्या बाजारात घ्या, आणि तिथे जाणे नसेल तर मत्राच्या जुन्या बाजारात. खडा उजेडासमोर धरावा. फिकट, किंचित हिरवट आणि अर्धपारदर्शक खडा उत्तम मानतात. तांबूस आणि धुळकट खडा स्वस्त असतो. नंतर दुकानदाराला एक खडा निखाऱ्यावर टाकायला सांगा. चांगला लोबान आधी लिंबाच्या सालीसारखा वास देतो आणि मग त्याचा धूर जड होत जातो. हा प्रयोग करायला कोणताही प्रामाणिक दुकानदार नाही म्हणत नाही. अर्धा किलोची गरज नसते. देवघरात रोज एक खडा जाळला तरी शंभर ग्रॅम कित्येक महिने पुरतो. घरी आणल्यावर काचेच्या बरणीत, चहा-मसाल्यापासून दूर ठेवा.